एका ‘किंवा’ची गोष्ट

मराठीच्या तासाला उभयान्वयी अव्ययं शिकवताना मुलं कंटाळायची. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ यांचं कुणालाच काही वाटत नाही. ते शब्द वाक्यात असून नसल्यासारखेच. विकल्पबोधक अव्ययांत ‘किंवा’, ‘अथवा’, ‘वा’ असं मी फळ्यावर लिहायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. पण गेल्या पावसाळ्यात भाचीच्या एका कामानिमित्त विजेच्या कायद्याची जुनी-नवी कलमं वाचायची वेळ आली (निवृत्त माणसाला कुणी काय काम सांगेल याचा नेम नाही!), आणि लक्षात आलं की आपल्याकडच्या वाड्या-चाळींत राहिलेल्या लाखो भाडेकरूंच्या घरातला उजेड शंभराहून अधिक वर्षं एका ‘किंवा’वर लटकलेला आहे. म्हणून हा लेख. थोडा कायद्याचा, थोडा विजेचा, आणि बराचसा आमच्या जुन्या वाड्याचा.

मुंबईत विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटमध्ये. तो प्रयोग फार टिकला नाही. वीज खऱ्या अर्थाने आली ती १९०५ नंतर. त्या वर्षी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, वाडीबंदरला वीजकेंद्र उभं राहिलं आणि ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम धावली. (हीच कंपनी १९४७ साली महापालिकेकडे आली आणि ‘बेस्ट’ झाली.) १९१५ साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि गिरण्यांना घाटावरच्या पाण्याची वीज मिळू लागली. हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते हे, की रस्त्यावरच्या खांबापर्यंत आलेली वीज घरात कशी शिरली आणि कुणाच्या परवानगीने.

त्यासाठी सरकारने कायदा केला तो १९१० साली. भारतीय विद्युत कायदा. त्याच्या आधी १९०३ चा एक होता, पण पुढे जवळजवळ शंभर वर्षं आपण जगलो ते या १९१० च्या कायद्यावर. मुख्य कायद्यात कंपनीचे हक्क आणि सरकारचे अधिकार, आणि सामान्य माणसाच्या कामाची गोष्ट मात्र शेवटच्या परिशिष्टात, सहाव्या परिच्छेदात! तिथे असं म्हटलं होतं की पुरवठ्याच्या क्षेत्रातल्या कोणत्याही जागेच्या ‘मालकाने किंवा भोगवटादाराने’ मागणी केली, तर कंपनीने एका महिन्याच्या आत त्या जागेला वीज दिली पाहिजे. अटी होत्याच. किमान दोन वर्षं वीज घेण्याचा लेखी करार करावा लागे. मागणी करणाऱ्याच्या आवारातल्या वायरीचा खर्च, आणि मुख्य वाहिनीपासून शंभर फुटांच्या पुढच्या वायरीचा खर्च, कंपनी त्याच्याकडे मागू शके. हा सगळा साचा विलायतेतून आलेला. तिथल्या १८९९ च्या कायद्यात शंभर फुटांच्या जागी साठ फूट होते, पण ‘मालक किंवा भोगवटादार’ हे शब्द तेच.

भोगवटादार म्हणजे जो जागा प्रत्यक्ष वापरतो तो. मालक नव्हे. म्हणजे भाडेकरूसुद्धा. व्याकरणाच्या दृष्टीने अगदी सरळ वाक्य आहे. दोघांपैकी कुणीही एकाने मागावं, वीज द्यावी. ‘मालक आणि भोगवटादार’ असं लिहिलेलं नाही. ‘मालकाच्या संमतीने भोगवटादार’ असंही लिहिलेलं नाही. एवढं सरळ वाक्य असूनही आमच्या वाड्यातल्या अकरा बिऱ्हाडांना स्वतःच्या नावाचा मीटर मिळायला १९७१ साल उजाडावं लागलं.

वाडा पुण्यात, कसबा पेठेत. दोन चौक, मागे आड, लाकडी जिने. मालक रस्त्याच्या बाजूला माडीवर राहायचे. मीटर एकच, त्यांच्या नावाचा, दिंडी दरवाजाच्या आत डाव्या हाताला. तिथून लाकडी पट्ट्यांच्या आतून वायरी निघायच्या आणि प्रत्येक बिऱ्हाडात एक, फार तर दोन दिवे. भाडं वेगळं आणि ‘दिव्याचे’ वेगळे. एका दिव्याला महिना दोन रुपये. दिवा चाळीस वॉटचाच हवा. मालकांचा मुलगा कधीमधी ‘सहज’ डोकावून जायचा, ते कुणी साठाचा बल्ब तर लावला नाही ना हे बघायला. रेडिओ घेतला तर वेगळे दोन रुपये. इस्त्रीला बंदी. रात्री दहाला खालचा मोठा खटका बंद. पुढे गणिताच्या शिक्षिका असलेल्या माझ्या मैत्रिणीने हिशोब मांडून दाखवला होता. चाळीस वॉटचा दिवा रोज चार तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला पाच युनिटसुद्धा होत नाहीत. त्यावर मालकांना नफा होत असे की नाही याच्या वादात मी शिरत नाही. मुद्दा असा, की वीज कंपनीच्या दृष्टीने त्या वाड्यात एकच ग्राहक होता आणि बाकी आम्ही सगळे म्हणजे त्याच्या घरातले दिवे.

मालक दुष्ट होते असं मात्र मी म्हणणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, आणि गोठवली ती १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर. पुढे महागाई कुठे गेली, घरपट्टी कुठे गेली, पण खोलीचं भाडं तिथेच. त्या भाड्यात कौलं शाकारायची की वायरी बदलायच्या? आमच्या लाकडी पट्ट्यांतल्या जुन्या रबरी वायरींचं वेष्टण उन्हाळ्यात वाळून तडकायचं आणि पावसाळ्यात भिंतीला हात लावला की मुंग्या यायच्या. आई तिकडे जाऊ द्यायची नाही. ‘त्या भिंतीत वीज आहे’ असं ती म्हणायची, ‘त्या झाडावर मुंजा आहे’ म्हणावं तसं.

आणि वेगळा मीटर द्यायला मालक का तयार नसत, याचं खरं कारण पैशात नव्हतंच. ते कागदात होतं. भाडेकरूच्या नावाचं वीजबिल म्हणजे त्या पत्त्यावर तो राहतो याचा दर महिन्याला छापून येणारा दाखला. भाडेपावती मालक देईल तेव्हा देईल, बिल मात्र आपोआप येणार. उद्या कोर्टात उभं राहिलं तर ते बिल पुढे येणार, ही मालकांची भीती. वीजबिलाने जागेची मालकी मिळत नाही, हे खरंच आहे. पण ‘हा इथे राहतो’ एवढं सिद्ध झालं की भाडे कायद्याचं कवच मिळतं, हेही तितकंच खरं. त्यामुळे मालक पत्र देत नसत आणि कचेरीतले कारकून पत्राशिवाय अर्ज घेत नसत. त्यांनाही मालक-भाडेकरूच्या भांडणात पडायचं नसे. कायद्यातला ‘किंवा’ असा खिडकीवर येऊन मुकाट्याने ‘आणि’ झाला.

१९६७ च्या जानेवारीत आमच्या वाड्याची वीज तोडली. मालकांचा त्यांच्या भावांशी वाटणीचा दावा चालला होता, बिल कुणी भरायचं यावर वाद झाला आणि ते थकलं. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सात दिवसांची नोटीस दिली की पुरवठा तोडता येत असे. (आता २००३ च्या कायद्याने ती मुदत पंधरा दिवसांची आहे.) नोटीस अर्थातच मालकांच्या नावाने आली असणार. आम्हाला कळलं ते संध्याकाळी सहा वाजता, दिवा लागला नाही तेव्हा. मार्चमध्ये माझी एसएससी. तेव्हा ती अकरावीला असायची. वाड्यात परीक्षेला बसणारी आम्ही तिघं होतो. दोन कंदील आणि एक चिमणी, असा तीन घरांत मिळून अभ्यास.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कारकुनी पेशाचे, सौम्य माणूस. ते वीज कचेरीत गेले. म्हणाले, आम्ही आमच्या नावावर घेतो, पैसे भरतो, अनामत भरतो. उत्तर मिळालं, मालकाचं पत्र आणा. दोनदा गेले, दोनदा तेच उत्तर घेऊन आले. मग मागच्या चौकात राहणारे एक वकीलकाका होते, (दिवाणी कोर्टात फारशी न चालणारी वकिली करायचे, पण पुस्तकं सगळी होती) त्यांनी कंदिलाच्या उजेडात १९१० चा कायदा काढला आणि अण्णांना तो ‘किंवा’ दाखवला. अण्णांचा चेहरा मला आठवतो. आनंद नव्हे, चक्क राग. शांत माणसाला छापील अक्षराने राग आलेला मी तेव्हा प्रथम पाहिला.

वकीलकाकांनी मग मालकांना नोटीस काढली ती भाडे कायद्याच्या कलम २४ खाली. अत्यावश्यक पुरवठा मालकाने तोडायचा किंवा अडवायचा नाही, असं ते कलम. मालकांचं उत्तर ठरलेलं होतं. मी कुठे तोडली? कंपनीने तोडली! वकीलकाकांचं म्हणणं, तुम्ही बिल न भरल्यामुळे तोडली गेली, म्हणजे तुम्हीच तोडली. आज १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये हे स्पष्टीकरण शब्दांत लिहिलेलं आहे. मालकाच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे दुसऱ्या कुणी पुरवठा तोडला, तरी तो मालकानेच अडवला असं धरायचं. अत्यावश्यक सेवांच्या यादीत पाणी आणि वीज तर आहेच, पण बोळातले आणि जिन्यातले दिवेसुद्धा मुद्दाम नाव घेऊन आहेत. कायदा लिहिणारा कुणीतरी चाळीत राहिलेला असावा!

नोटिशीने वीज आली नाही. अकरा बिऱ्हाडांनी वर्गणी काढली, मालकांची थकबाकी मालकांच्याच नावावर भरली आणि बावीस दिवसांनी दिवे लागले. ते पैसे मालकांनी पुढे दिवाळीपर्यंत ‘दिव्याचे’ म्हणून वळते करून घेतले. मला एसएससीला बरे मार्क पडले. ते कंदिलामुळे पडले असं मात्र कुणी म्हणू नये. कंदिलाखाली शिकून मोठे झालेल्यांच्या गोष्टी मी वर्गात कधीच रंगवून सांगितल्या नाहीत.

आता थोडं त्या वायरीविषयी, कारण खरी गोम तिथे आहे.

खांबावरून किंवा जमिनीखालून जी वायर आपल्या इमारतीत मीटरपर्यंत येते तिला सर्व्हिस लाइन म्हणतात. मीटरपर्यंतची जबाबदारी पुरवठादाराची, मीटरच्या पुढची आपली. १९५६ साली केंद्रीय विद्युत मंडळाने भारतीय विद्युत नियम केले. त्यातला ३१ वा नियम मला फार आवडला. तो कटआऊटविषयी आहे. कटआऊट म्हणजे तो चिनी मातीचा पांढरा खोका, ज्यात फ्यूजची तार असते. नियम सांगतो की प्रत्येक सर्व्हिस लाइनवर ग्राहकाच्या जागेत, पेट घेणार नाही अशा बंद पेटीत कटआऊट हवा. आणि पुढे म्हणतो, एकाच सर्व्हिस लाइनवरून एकाहून अधिक ग्राहकांना वीज दिली असेल, तर सामाईक वायरीला जिथे फाटा फुटतो त्या ठिकाणी प्रत्येक ग्राहकाचा स्वतंत्र कटआऊट हवा. शेजाऱ्याच्या घरात काही जळलं तर त्याचा फ्यूज उडावा, तुमचा दिवा जाऊ नये. एका छपराखाली अनेक बिऱ्हाडं असतात हे या नियमाला ठाऊक होतं. १९७१ साली अखेर मालकांनी पत्र दिलं (‘हे पत्र भाडेहक्काचा पुरावा समजू नये’ अशी ओळ घालून!) आणि जिन्याखाली फळीवर अकरा मीटर आणि अकरा कटआऊट लागले, तेव्हा आई रोज येता-जाता त्यातला आपला शोधून बघायची. मीटरवर आमचं आडनाव रंगाने लिहिलं होतं.

त्याच नियमात आणखी एक बारकावा आहे. जमिनीला जोडलेली जी न्यूट्रल तार, तिच्यावर फ्यूज घालायचा नाही. हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. दोन तारा असतात तर दोन्हींवर संरक्षण का नको? उत्तर असं, की न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला तर दिवा विझेल, पण दुसऱ्या तारेत वीज तशीच राहील. माणूस अंधार बघून बेधडक हात लावेल आणि जाईल. अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीत तर याहून वाईट होतं. मोठ्या इमारतीला तीन फेज येतात आणि खोल्या त्यांवर वाटून दिलेल्या असतात. प्रत्येक खोलीला मिळतात २३० व्होल्ट, पण दोन फेजांमध्ये असतात ४०० च्या आसपास. सगळ्यांची न्यूट्रल एकच. ती कुठे सैल होऊन तुटली की वेगवेगळ्या फेजवरच्या खोल्या एकमेकींना जोडल्या जातात. मग ज्या फेजवर विजेचा वापर कमी, तिच्यावर व्होल्टेज चढतं, आणि जिथे वापर जास्त, तिथे उतरतं. म्हणजे काटकसरी बिऱ्हाडाचं नुकसान आधी! १९८० नंतर कधीतरी एका दिवाळीत आमच्या वाड्यात हेच झालं. तीन घरांतले टीव्ही जळले आणि पुढच्या चौकातले दिवे मात्र मिणमिणते झाले. माझं तोवर लग्न होऊन मी सासरी आले होते, पण भावाचं पत्र आलं त्यात दिव्यांपेक्षा टीव्हीचंच दुःख जास्त होतं. वाड्यातली बिऱ्हाडं कितीही वेगवेगळ्या मीटरवर गेली तरी एका तारेने बांधलेलीच असतात, हे मात्र तेव्हा कळलं.

असो. पुन्हा ‘किंवा’कडे येते.

कारकून पत्र मागत त्यात निव्वळ आडमुठेपणा नव्हता, हे मला आता कायदा नीट वाचल्यावर पटलंय. भाडेकरू आपल्या खोलीचा भोगवटादार आहे हे कबूल. पण खोली दुसऱ्या मजल्यावर. वायर तिथवर जाणार ती दिंडीतून, चौकातून, जिन्यातून. जिन्याचा भोगवटादार कोण? भाडेकरूला तिथून येण्याजाण्याचा हक्क आहे, पण भिंत मालकाची. आणि त्याच १९१० च्या कायद्याच्या १२ व्या कलमात असं होतं की एखाद्या इमारतीतून किंवा इमारतीला लागून वायर टाकायची तर संबंधित मालकाची किंवा भोगवटादाराची संमती हवी. पुन्हा ‘किंवा’! एका ‘किंवा’ने भाडेकरूला वीज मागायचा हक्क दिला आणि दुसऱ्या ‘किंवा’चा अर्थ खिडकीवर असा लागला की जिना मालकाचा, म्हणून संमती मालकाची. कायद्याने एक पळवाट ठेवली होती, ती बाहेरच्या वाहिनीपुरती. खांबाचा आधार किंवा ताण एखाद्या इमारतीवर बसवायला मालकाने हरकत घेतली, तर जिल्हा दंडाधिकारी, आणि मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्त, लेखी हुकूम देऊन ती बाजूला सारू शकत. पुढे २००६ साली केंद्राने परवानाधारकांच्या कामांसाठी जे नियम केले त्यांतही हीच रचना आहे, संमती मालकाची किंवा भोगवटादाराची, आणि अडलं तर दंडाधिकारी. एका चाळीस वॉटच्या दिव्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाणारा भाडेकरू मी तरी पाहिला नाही.

२००३ साली नवा विद्युत कायदा आला आणि १९१० चा गेला. कलम ४३ मध्ये शब्द पुन्हा तेच. मालकाच्या किंवा भोगवटादाराच्या अर्जावर, एका महिन्याच्या आत. जागा या शब्दात जमीन, इमारत आणि बांधकाम सगळं धरलं. आणि तरीही ‘ना हरकत दाखला’ मागणं सुरूच राहिलं.

शेवटी हा ‘किंवा’ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि गेला तो आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून. भाडेकरूवर आरोप असा होता की वीजजोडणीसाठी त्याने मालकाचा ना हरकत दाखला खोटा तयार केला. १३ मे २०२२ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की वीज ही मूलभूत सोय आहे, तिच्यापासून माणसाला वंचित ठेवता येत नाही. मालकाने ना हरकत दिली नाही या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो आहे की नाही, एवढंच वीज पुरवणाऱ्याने बघायचं. मी हे वाचलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. जो दाखला खोटा केल्याचा आरोप, त्या दाखल्यावाचून वीज अडवताच येत नव्हती! अण्णा जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती.

याचा अर्थ भाडेकरूचं सगळंच खरं असा नाही. आधीच्या भाडेकरूने बिल थकवलं असेल तर नव्याने ते का भरावं, हा दुसरा जुना वाद. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर असं म्हटलं की नियमांत तशी तरतूद असेल तर जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देणं चालतं. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने २००५ च्या पुरवठा संहितेत याला लगाम घातला होता. वारस सोडून इतर कुणावर अशी थकबाकी आली तर ती जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच. हे मला न्याय्य वाटतं. पुरवठादार सहा महिन्यांहून अधिक काळ झोपला तर त्याची किंमत नव्या बिऱ्हाडाने का द्यावी?

गंमत म्हणजे वाडे गेले, चाळी गेल्या, मुंबईतल्या शंभर वर्षांच्या बीडीडी चाळींच्या जागीही मनोरे उभे राहताहेत, पण एका मीटरचा मालक परत आला आहे. मोठमोठ्या संकुलांत वीज एकाच ठिकाणी घ्यायची आणि आत सबमीटर लावून वाटायची, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. पोहण्याचा तलाव, जनरेटर, लिफ्ट सगळं त्यात. नात गुरगावला अशाच एका ठिकाणी भाड्याने राहते. तिला बिल येतं ते संकुलाचं, वीज कंपनीचं नव्हेच. आमच्या मालकांचा मुलगा बल्ब बघायला यायचा, तिथे मोबाईलवर शिल्लक संपल्याचा निरोप येतो आणि दिवा जातो! पण इथेही कायद्याने मागचं दार उघडं ठेवलं आहे. ९ जून २००५ च्या केंद्राच्या आदेशाने गृहनिर्माण संस्थांना एकाच ठिकाणी वीज घ्यायला परवानगी दिली, मात्र आतल्या रहिवाशाचा थेट पुरवठादाराकडे वीज मागायचा हक्क त्याने जात नाही असंही सांगितलं. २०२४ च्या फेब्रुवारीतल्या दुरुस्तीने तर एकच जोडणी की घरोघरी स्वतंत्र, हे संकुलातल्या लोकांनी बहुमताने ठरवायचं असं केलं. घरात वापरलेली वीज, जनरेटरची वीज आणि सामाईक वापराची वीज यांचा हिशोब वेगवेगळा दाखवायचा, हेही त्यातच आहे. नातीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आज्जी, मी पुढच्या वर्षी घर बदलणारच आहे.

भाचीचं तसं नाही. ती पन्नाशीची आहे, एकटी आहे, पुण्यातल्या पेठेतल्या एका जुन्या वाड्यात बारा वर्षं भाड्याने राहते आणि शिवणकाम करते. दोन शिलाई यंत्रं विजेवरची. मीटर मालकाच्या नावाचा आणि तो वाडा विकायच्या मागे, म्हणजे पुढचं सांगायला नको. मागच्या जूनपासून तिचा दिवा दर आठवड्याला ‘काही बिघाडामुळे’ जातो. तिला स्वतःचा मीटर हवा आहे. खिडकीवर तिला सांगितलं गेलं, मालकाची ना हरकत आणा.

मग मी तिच्याबरोबर बसून अर्ज लिहिला. मराठीत, वळणदार अक्षरात. कलम ४३ चा उल्लेख केला. १३ मे २०२२ च्या निकालाची तारीख घातली. भाडेकरार, बारा वर्षांच्या भाडेपावत्या आणि आधार कार्डाच्या प्रती जोडल्या, म्हणजे ती तिथे राहते एवढं दिसलं. परवानाधारक ठेकेदाराकडून तिच्या खोलीतलं वायरिंग तपासून त्याचा टेस्ट रिपोर्ट घेतला. (याला तीन आठवडे लागले, कारण ठेकेदाराने आधी जुन्या वायरी पाहून नकार दिला आणि अर्थिंग नव्याने करायला लावलं. योग्यच केलं त्याने.) जिन्याखाली जुन्या मीटरांची फळी आहे, तिथवर सर्व्हिस लाइन आलेलीच आहे, आणि खोलीपर्यंतची जुनी वायर ज्या पट्ट्यांतून जाते त्यांतूनच नवी जाणार, नवं भोक कुठेच पाडायचं नाही, हेही लिहिलं. माझ्या मते अर्जातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. सर्वोच्च न्यायालयाने खोलीचा प्रश्न सोडवला आहे, जिन्याचा नाही.

खिडकीवरच्या मुलाने अर्ज वाचला. मालकाचं पत्र नाही का, असं विचारलं. भाचीने बोटाने ती तारीख दाखवली. तो आत गेला, साहेबांशी बोलून आला आणि अर्जावर शिक्का मारून पोच दिली. २०२४ च्या नियमांनी महानगर क्षेत्रात पूर्ण अर्ज आल्यापासून तीन दिवस, इतर शहरांत सात आणि खेड्यांत पंधरा दिवस अशी मुदत घातली आहे, अर्थात नवी वाहिनी टाकायची नसेल तर. पोचपावतीवर तारीख आहे मंगळवारची. आज गुरुवार. कुणी बघून गेलं, जिन्याखालची फळी मोजून गेलं, एवढं तिने दुपारी कळवलं आहे.